दानीएल मास्तरांचा बेडका

पैज लागली ती बेडक्यावरून. बेडका म्हणजे डबक्यातला नव्हे, छातीतून खाकरून काढतात तो. असल्या वस्तूवर पैज लावणारा माणूस बोरदऱ्यात एकच. पंक्चरवाला भीमराज.

मिरजगावच्या फाट्यावरून चार किलोमीटर आत आलं की पहिलं दुकान भीमराजचं आणि त्याला लागून उत्तमरावाचं हाटेल. भीमराजचं वय बावन्न, पण खोड्या बारा वर्षांच्या. उत्तमरावाच्या पाटीवर 'गरम भजी' लिहिलेलं होतं. भीमराजनं एका दुपारी खडूची एक रेघ ओढून 'गरम'चं 'नरम' केलं, आणि आठ दिवस गिऱ्हाईक उत्तमरावाला विचारत होतं, "कालची हायेत का?" उत्तमरावानं पाटी पुसली, पण नाव काही पुसलं गेलं नाही. अजूनही त्याला नरमभजी म्हणतात.

तर बुधवारी दुपारी हाटेलासमोर पांढरी गाडी येऊन उभी राहिली. टीबी तपासायची गाडी. दारावर हातात हात घातलेलं चित्र, एक हात गोरा, एक सावळा, आणि खाली कुठल्याशा लांबच्या देशाचा झेंडा. गाडीत एक्स-रे होता आणि बेडका तपासायचं यंत्र होतं. डबीत बेडका टाकून यंत्रात ठेवला की दोन तासांत निकाल.

"लई भारी यंत्र हाय म्हनं," उत्तमराव चहा गाळत म्हणाला.

"भारी आहेच," दानीएल मास्तर म्हणाले. "तिकडच्या लोकांनी स्वतःच्या खिशातून पाठवलंय आपल्यासाठी. आणि ते चुकत नाही."

दानीएल मास्तर गेल्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालेले. तीस वर्षं खडू खाल्ल्यामुळं खोकला मागं लागलेला, पण अंग अजून कबड्डीपटूचं. भीमराजच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. भीमराजच्या निम्म्या खोड्या त्यांच्याच वाट्याला यायच्या, आणि त्याचे सगळे सरकारी अर्जही तेच लिहून द्यायचे.

"मास्तर, तुमच्या आज्याला गोऱ्या सायबानं शाळा दिली, दवाखाना दिला," भीमराज म्हणाला. "तवापास्नं तुमचा गोऱ्यावर लई भरोसा."

"आणि तुझा कुणावरच नाही."

"आवो, यंत्राला काय कळतंय कुनाचा बेडका कुनाचा? मी म्हनतो, ह्या गावातला एक तरी निकाल चुकीचा लागनार."

"एकही लागणार नाही."

"लागली पैज?"

"लागली."

भीमराजला खोकल्याची उबळ आली. ती आवरेपर्यंत उत्तमराव मध्यस्थ म्हणून पुढं झाला. ठरलं असं, की पुढच्या गुरुवारी भर बाजारात हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला पाठकुळीला घ्यायचं आणि हाटेलापासून कांद्याच्या वजनकाट्यापर्यंत नेऊन परत आणायचं.

"मास्तर, इचार करा," भीमराज डोळे पुसत म्हणाला. "माझं वजन पंच्याऐंशी हाय."

"कधीचं?"

"मागल्या दिवाळीचं."

सगळे हसले. भीमराजची पॅंट हल्ली सुतळीनं बांधलेली असायची, पण कुणी विचारलं की तो सांगायचा, "सकाळचं चालतोय. बॉडी करायची हाय."

संध्याकाळी गाडीवरची रश्मी डब्या वाटत फिरली. तिशीतली मुलगी, कंत्राटावर काम करणारी. रोज दहा गावांत एकच वाक्य बोलून तिचा आवाज दळणाच्या गिरणीसारखा एकसुरी झालेला. "लाळ नको, थुंकी नको. सकाळी उठल्याबरोबर खोल श्वास घ्यायचा आणि आतून खोकून बेडका काढायचा."

प्रत्येक डबीवर नावाची चिठ्ठी. मास्तरांनी आपली डबी दोन्ही हातांनी घेतली, प्रसादासारखी. लोक बुजत होते म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर घेतली. भीमराजनंही घेतली, कारण त्याच्या डोक्यात बेत शिजला होता.

गुरुवारी सकाळी मास्तर कागदात गुंडाळलेली डबी घेऊन ओट्यावर उभे. चारचौघांत बेडका घेऊन चालत जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"द्या हिकडं," भीमराज म्हणाला. "मी माझी द्यायला चाललोच हाय."

"देशील ना नीट?"

"मास्तर, कवा नीट केलं न्हाई मी?"

ह्या प्रश्नाला मास्तरांपाशी निदान चाळीस उत्तरं होती. पण त्यांनी डबी दिली.

दुकानात आल्यावर भीमराजनं दोन्ही चिठ्ठ्या नखानं अलगद सोडवल्या. पंक्चरचा हात, ट्यूबवरचं ठिगळ न फाडता काढणारा. मास्तरांची चिठ्ठी आपल्या डबीवर, आपली मास्तरांच्या डबीवर, वरून ट्यूब चिकटवायच्या सोल्युशनचा एक थेंब. बेत साधा होता. दोघांचे निकाल 'काही नाही' असे येणार. मग बाजारात उभं राहून सांगायचं, 'मंडळी, मास्तरचा म्हनून जो निकाल दिलाय त्यो माझा हाय, माझा म्हनून दिलाय त्यो मास्तरचा. दोनी चुकीचे!' आणि मास्तरांच्या पाठीवर बसून कांद्याच्या काट्यापर्यंत वरात.

दुपारी भीमराजच्या मोबाईलवर मेसेज आला. काही नाही. तो हाटेलात चहा मागवून बसला. तेवढ्यात पांढरी गाडी निघाली आणि मास्तरांच्या दारात जाऊन थांबली. रश्मी मास्क लावून आत गेली. तिनं कुणाला काही सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. गावात पांढरी गाडी दारात थांबली की भिंती बोलतात.

"आरं, मास्तरला टीबी निघाला," उत्तमराव म्हणाला.

भीमराजनं मांडीवर थाप मारायला हात उचलला. जिंकलो! निकाल साफ चुकीचा! तो हात वर गेला आणि वरच राहिला.

कारण ती डबी त्याची होती.

"काय झालं?" उत्तमरावानं विचारलं. "हात का वर केला?"

"आजून एक कटिंग," भीमराज म्हणाला.

त्या रात्री तीन वर्षांची प्रज्ञा, त्याची नात, नेहमीसारखी त्याच्या कुशीत येऊन झोपली. लेक आणि सून ऊसतोडीला गेलेले, पोरगी आज्याआजीपाशी. भीमराज उठून बाजूला सरकला. ती झोपेतच त्याच्यामागं सरकली.

"अवो, काय खेळ चाललाय?" भागिरथी अंधारातून म्हणाली. ही त्याची बायको.

"उकडतंय."

"पौषात?"

तिला सांगायचं तर गावाला सांगावं लागणार, आणि गावाला सांगायचं तर हसणं आपल्यावर यायचं. आजवर गावात हसं दुसऱ्याचं व्हायचं, करणारा भीमराज असायचा. त्यानं ठरवलं, गुपचूप निभावू.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांकडं गेला. मास्तर ओट्यावर एकटेच, तोंडाला रुमाल बांधून बसलेले.

"भीमराज, लांब बस बाबा. तुझ्या घरात लहान मूल आहे."

भीमराज पायरीवरच टेकला.

"रश्मी म्हणाली सहा महिने गोळ्या," मास्तर म्हणाले. आवाज खाली आणून पुढं म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. सकाळी लघवीला गेलो तर नारंगी. गणपतीच्या शेंदरासारखी. मला वाटलं आता संपलंच. ती म्हणाली, गोळ्यांनी तसं होतंच. पण मनात शंका येते रे. मला तर काहीच होत नाही. उलट गोळ्या घेतल्यापासूनच मळमळतंय."

"बघू गोळ्या," भीमराज म्हणाला.

मास्तर पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात भीमराजनं एक पाकीट खिशात टाकलं. निम्म्या गोळ्या मास्तरला नाही लागत, निम्म्या आपल्याला लागतात, म्हणजे हिशेब बसला. एवढं सोपं होतं!

"भीमराजभाऊ, ठेवा ते." दारात मास्तरांची बायको दया उभी होती. "रश्मीताई रोज रिकामं पाकीट बघायला येतात. आजाऱ्याच्या गोळ्यांची पण थट्टा करायची का आता?"

भीमराजनं पाकीट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तो थट्टा करत नव्हता, आणि तेव्हाच ती ओळखली गेली.

मग त्यानं दुसरा मार्ग काढला. हाटेलात बसून तो सांगायला लागला, "यंत्र येडं हाय. मास्तर बैलागत धडधाकट हाय का न्हाई? मग?" मास्तरांबद्दलची कुजबूज थांबावी एवढाच हेतू. पण गावाला दोऱ्याचं एक टोक दिलं की गाव अख्खा गुंडा उलगडतं. शनिवारपर्यंत यंत्र येडं झालं. रविवारी ते मुद्दाम येडं केलेलं झालं. सोमवारी तिकडचा देश चांगल्या माणसांना आजारी ठरवून गोळ्या खपवतो असं झालं. मंगळवारी पंचायतीच्या नळाजवळ एक म्हातारी भागिरथीला सांगत होती, की मास्तरची लघवी पेटते.

ज्यांनी येत्या गुरुवारी डबी घ्यायचं कबूल केलं होतं त्यांनी रश्मीला दारं लावली.

बुधवारी मास्तर हाटेलात आले. सहा दिवसांत पहिल्यांदा. लांबच्या दगडावर बसून त्यांनी चहा मागितला. उत्तमरावानं आतून एक जुना कानाचा ग्लास आणला, काठाला टवका उडालेला, आणि त्यात वरून चहा ओतला. प्यायल्यावर म्हणाला, "मास्तर, त्यो ग्लास तेवडा खिळ्याला अडकवा. तुमचाच हाय आता."

मास्तरांनी अडकवला.

भीमराज त्या ग्लासाकडं बघत राहिला. त्याच्या बापाचा कप असाच होता. काठ फुटलेला, ह्याच हाटेलाच्या मागच्या भिंतीला, उत्तमरावाच्या बापाच्या काळात. बाप तो स्वतः विसळायचा आणि खिळ्याला लावायचा. भीमराज पाच वर्षांचा असताना एकदा तो कप उत्तमरावाच्या बापाच्या गल्ल्यात लपवून आला होता. गल्ला उघडल्यावर झालेला गोंधळ ही त्याची पहिली खोडी. त्या दिवशी त्याच्या बापाला मार पडला होता, हे तो खोडी सांगताना कधी सांगायचा नाही.

चहा त्याच्यानं संपवला गेला नाही.

घरी आला तर प्रज्ञा अंगणात बाहुलीला मांडीवर घेऊन बसलेली. बाहुलीचं डोकं खाली दाबून तिनं मोठ्यानं खोकल्याचा आवाज काढला, अगदी आतून. मग बाहुलीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "बिडीचा हाय गं. काय न्हाई हुत."

"कुनाचं बघून करतीस?" त्यानं विचारलं.

"आबाचं," ती म्हणाली.

गुरुवारी बाजार भरला. पांढरी गाडी हाटेलासमोर येऊन थांबली आणि तिच्यापुढं रांगेत एक कुत्रं उभं राहिलं. तेसुद्धा भज्यांसाठी. रश्मी टेबलावर डब्यांचा ढीग मांडून बसलेली. चाळीस डब्या, सगळ्या कोऱ्या.

"आज कुनी न्हाई व्हय?" भीमराजनं विचारलं.

"नाही काका. आणि आज शेवटचाच दिवस आहे. तिकडून मदत बंद झाली. गाडी उद्या नगरला जमा होणार, मी घरी."

"मग तपासायचं कुनी?"

"कर्जतला जायचं. सरकारी गोळ्या मिळत राहतील. पण घरोघरी जाऊन कोण खोकतंय हे विचारायला कुणी नसेल."

भीमराजनं गाडीच्या दारावरच्या चित्राकडं बोट केलं. "आन हे हात?"

रश्मीनं वळून पाहिलं. "एकानं सोडला," ती म्हणाली, आणि रजिस्टर चाळायला लागली. "मास्तरांच्या घरच्यांना तपासलं. कुणाला काही नाही. ते एक बरं झालं. घरात लहान मूल असतं ना काका, तर मला झोप लागत नाही. मुलांना लवकर धरतो हा."

भीमराजनं गाडीच्या खिडकीतून हात घालून टपावरच्या कर्ण्याचा माईक ओढला.

"ऐका," कर्णा गरजला. कांद्याचा लिलाव थांबला. "मी भीमराज बोलतोय. मागल्या गुरुवारचा दानीएल मास्तरचा बेडका... त्यो माझा हाय."

बाजारात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हसू नका, पुढं ऐका. माझा म्हनून जो गेला त्यो मास्तरचा. डब्यांच्या चिठ्ठ्या मी बदलल्या. पैजंसाठी. यंत्र बराबर हाय. येडा मी हाय. टीबी मला हाय, मास्तरला न्हाई. उत्तमराव, त्यो खिळ्यावरचा ग्लास काढ. ठिवायचाच आसंल तर माझ्या नावानं ठिव. न्हाईतरी जागा आमच्या घरान्याच्या वळखीची हाय."

कर्णा खरखरला आणि गप्प झाला. मग उत्तमरावानं ग्लास खिळ्यावरून काढला, हातात फिरवला, आणि कुठं ठेवावा ते न कळून तसाच धरून उभा राहिला.

पहिली आली दया. "आठ दिवस," ती म्हणाली, "आठ दिवस माझ्या माणसाला वेगळं ताट वाढलं मी. माझ्या हातानं." तिनं चप्पल काढली, भीमराजच्या ढिल्या सदऱ्याकडं पाहिलं आणि परत घातली. चप्पल बसली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मग रश्मी. ती रागावली तेही त्याच एकसुरी आवाजात. "काका, तुमची थट्टा मी रजिस्टरच्या कुठल्या रकान्यात लिहू?"

भागिरथी बाजाराची पिशवी घेऊन मागंच उभी होती. कडेवरच्या प्रज्ञाला तिनं छातीशी घट्ट धरलं होतं. आता तिनं पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, नवऱ्यापासून लांबच्या.

दोघांच्या डब्या नव्यानं भरल्या. ह्या वेळी चिठ्ठ्या रश्मीनं स्वतः लावल्या, वरून चिकटपट्टीचे तीन वेढे दिले, आणि भीमराजला डबीपासून दहा हात लांब उभं केलं. निकालाला दोन तास होते. तेवढ्यात कांद्याचा अडत्या आला आणि म्हणाला, "ताई, मला बी खोकला हाय. डबी हाय का एखादी?" त्याच्यामागं दोन बाया आल्या. मग नळावरची ती म्हातारी. शेवटच्या दिवशी चाळीस डब्या पुरल्या नाहीत.

निकाल आला. मास्तर मोकळे, त्यांच्या गोळ्या तिथंच बंद. भीमराजला टीबी.

"वजन करा," रश्मी म्हणाली.

भीमराज गाडीतल्या वजनकाट्यावर उभा राहिला. छप्पन्न.

"घरात कोण कोण?"

"बायको." त्यानं प्रज्ञाकडं पाहिलं. "आन नात. तीन वरसांची. माझ्याच कुशीत झोपती."

रश्मीचं पेन थांबलं. "सोमवारी तिला कर्जतला आणा. छातीचा फोटो काढू. मी कामावर नसले तरी फाट्यावर येऊन थांबेन." तिनं त्याच्या तोंडाला मास्क बांधला. लेकराला टोपडं बांधावं तसा, जरा जास्तच आवळून.

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "आरं, पन पैज कोन जिंकलं?"

गावाचं असंच असतं. टीबीवर तोडगा सहा महिन्यांनी निघतो, पैजेवर लगेच पाहिजे.

"यंत्र चुकलं नाही," मास्तर म्हणाले. "मी जिंकलो."

उत्तमरावानं अखेर तो टवका उडालेला ग्लास खिशात कोंबला आणि न्यायाधीशासारखी मान हलवली. "पैज यंत्रावर नव्हती. भीमराज म्हनला, एक तरी निकाल चुकीचा लागनार. दोन लागले. मास्तर, तुमी हरलाय."

"मी न्हाई बसनार," भीमराज मास्कमधून म्हणाला. "मी पैज सोडली. मास्तर, तुमी एक थोबाडीत द्या आन मिटवा."

"हरलो तर हरलो," मास्तर म्हणाले. त्यांनी धोतराचा काचा मारला, त्याच्यापुढं पाठ करून वाकले आणि मांड्यांवर थापा मारल्या. "बस. तोंड पलीकडं कर म्हणजे झालं."

"चालेल," रश्मी म्हणाली. "उघड्यावर आहे. लवकर आटपा."

भीमराजला बसवलं. मास्तरांनी पंच्याऐंशी किलोच्या बेतानं दम भरला, गुडघ्यात जोर घेतला आणि जे उठले ते झोक जाऊन चार पावलं पुढंच गेले. रिकामी घागर भरलेली समजून उचलावी तसं. बाजार हसला. प्रज्ञा टाळ्या पिटत ओरडली, "आबा घोडा! आबा घोडा!"

मास्तर हसले नाहीत. ते कांद्याच्या काट्याकडं चालत राहिले. भीमराजचे हात त्यांच्या खांद्यावर होते. मनगटाची हाडं सदऱ्यातून टोचत होती.

"भीमराज."

"आं."

"कंबर जाईल म्हणून घाबरलो होतो रे मी. तुझ्यात काही राहिलंच नाही."

भीमराजनं मान पलीकडं वळवली. तोंडाला मास्क होता म्हणून निभावलं.

मास्तरांनी काट्याला वळसा घातला. हाटेलाजवळ पांढऱ्या गाडीचं दार लागलं. तो गोरा हात, तो सावळा हात धुळीत जरा हलले आणि फाट्याकडं निघाले.

"पैजेत किती फेरे होते?" मास्तरांनी विचारलं.

"एकच."

"दुसरा सहा महिन्यांनी मारायचा. ह्याच वाटेनं." मास्तर दम न लागता चालत होते, आणि त्याचाच त्यांना राग येत होता. "आणि तेव्हा मी मधेच धापा टाकत खाली बसलो पाहिजे. नाही बसलो, तर तू हरलास."